प्लूटो शोधणारा शेतकऱ्याचा मुलगा



गुरुजींनी या वेळच्या भित्तिपत्रकासाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. मी क्लाइड टॉम्बॉ हे नाव घेतले तेव्हा वर्गात सगळे हसले. हा कोण बुवा? मी सांगितले, ज्याने प्लूटो शोधला तो. हेच नाव का घेतले, तेही सांगतो. गेल्या फाल्गुनात आमच्या शिवारात गारपीट झाली. अर्ध्या तासात उभा गहू आडवा झाला. त्याच उन्हाळ्यात माझा दादा बारावी पास झाला, पण तालुक्याच्या कॉलेजला जायचे राहून गेले. आता तो अण्णांबरोबर शेतात असतो. पुस्तकपेटीतल्या एका पुस्तकात मी टॉम्बॉची गोष्ट वाचली आणि मला वाटले, अरे, हे तर आमच्याच घरचे!

क्लाइडचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, स्ट्रीटर गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचे. सहा भावंडांत तो थोरला. त्याच्या काकांकडे एक लहानशी दुर्बीण होती. तिच्यातून त्याने चंद्रावरचे खड्डे पाहिले आणि त्याला आभाळाचे वेडच लागले. १९२२ मध्ये हे कुटुंब कान्सस राज्यात बर्डेट गावी शेती करायला गेले. तिथे गहू आणि ओट यांची शेती. क्लाइडला कॉलेजात जाऊन शिकायचे होते, पण गारपीट झाली आणि पीक गेले. पिकाबरोबर कॉलेजही गेले. १९२५ मध्ये तो हायस्कूल पास झाला आणि शेतातच राबू लागला.

आता इथे गोष्ट संपली असती. पण क्लाइडने आभाळ सोडले नाही. चांगली दुर्बीण विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ती घरीच करायची असे त्याने ठरवले. काचेवर काच ठेवायची, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालायचे आणि घासत बसायचे. असा आरसा तयार होतो. १९२६ मधली त्याची पहिली दुर्बीण काही मनासारखी झाली नाही. आरसा नीट तपासायला हवा स्थिर लागते आणि गारवाही सारखा लागतो. मग गड्याने काय करावे? त्याने कुदळ-फावडे घेतले आणि २४ फूट लांब, ७ फूट रुंद व ८ फूट खोल खड्डा खणला. आपल्याकडे पूर्वी धान्यासाठी पेव काढत, तसलाच म्हणा ना! घरच्यांनी त्यात भाजीपाला ठेवला आणि वादळ आले की लपायलाही तो उपयोगी पडला.

१९२८ मध्ये त्याची ९ इंची आरशाची दुर्बीण तयार झाली. तिला जुन्या मोटारीचे भाग लावले होते. बैठक होती दुधातून साय काढायच्या यंत्राची. दिवसा शेतात काम करायचे आणि रात्री दुर्बिणीला डोळा लावायचा. मंगळ आणि गुरू जसे दिसतील तशी त्याने त्यांची चित्रे काढली आणि अ‍ॅरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेला टपालाने पाठवली. आपली चित्रे बरोबर आहेत का, एवढेच त्याला विचारायचे होते. पण वेधशाळेने त्याला कामावरच बोलावले. जानेवारी १९२९ मध्ये तो आगगाडीने तिथे पोचला.

ही वेधशाळा पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये बांधली. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक ग्रह आहे असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी खूप गणिते केली, पण ग्रह सापडण्याआधीच १९१६ मध्ये ते वारले. राहिलेले काम क्लाइडच्या वाट्याला आले.

काम कसे होते ते समजून घ्या बरं का. आभाळाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो काढायचे. एकेक फोटो काढायला तास-तास लागे. वेधशाळेचा घुमट थंडगार, कारण तिथे शेकोटी पेटवता येत नाही. त्यानंतर ते दोन फोटो एका यंत्रात घालायचे. त्यात एकदा पहिला दिसतो, एकदा दुसरा दिसतो. तारे दूर असल्यामुळे जागच्या जागी राहतात. जो ठिपका उडी मारेल तो ग्रह किंवा लघुग्रह. आपण डोंगरावर लांबून पाहिले तर दगड कोणता आणि मेंढरू कोणते ते कळत नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले की जे सरकले ते मेंढरू! क्लाइडने तेच केले. फक्त त्याच्या डोंगरावर लाखो दगड होते. काही काचांवर तर दहा लाखांच्या घरात तारे असत. शिवाय पाहुण्यांना वेधशाळा दाखवणे, भट्टीत लाकडे घालणे आणि बर्फ उपसणे ही कामे होतीच.

१८ फेब्रुवारी १९३० चा दिवस. दुपारचे चार वाजत आले होते. २३ आणि २९ जानेवारीला काढलेले मिथुन राशीचे फोटो तो पाहत होता. एवढ्यात एका अगदी फिकट ठिपक्याने उडी मारली. क्लाइडने लगेच आरडाओरडा केला नाही. २१ जानेवारीची, वाऱ्यामुळे खराब झालेली काच त्याने काढली. तिच्यावरही तो ठिपका जिथे असायला हवा तिथेच होता. मग तो उठला आणि मोठ्या साहेबांना सांगायला गेला. तेव्हा त्याचे वय होते २४ आणि कॉलेजची पायरी अजून चढायची होती.

पुढे कित्येक रात्री खात्री करून १३ मार्च १९३० रोजी जगाला बातमी दिली. लॉवेल यांचा वाढदिवसही तोच. नाव काय ठेवायचे? इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे व्हेनेशिया बर्नी ही ११ वर्षांची मुलगी होती. म्हणजे आपल्या पाचवी-सहावीतली! सकाळी आजोबांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली, तेव्हा तिने प्लूटो हे नाव सुचवले. प्लूटो हा रोमन लोकांचा पाताळाचा देव. आजोबांनी ते एका खगोलशास्त्रज्ञांना कळवले आणि त्यांनी तारेने अमेरिकेला धाडले. तेच नाव पक्के झाले.

इतके नाव झाले तरी क्लाइड शिकायचे विसरला नाही. १९३२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो कान्सस विद्यापीठात गेला. तिथे त्याला खगोलशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या वर्गात बसू देईनात. ज्याने ग्रह शोधला त्याला बाराखडी काय शिकवायची! १९३६ मध्ये तो पदवीधर झाला. पुढे ते स्वतः शिक्षक झाले, म्हणून आता मी त्यांना टॉम्बॉसर म्हणतो. न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात त्यांनी १९७३ पर्यंत शिकवले. प्लूटो सापडल्यावरही त्यांनी वेधशाळेत आणखी १३ वर्षे शोध चालू ठेवला होता. सुमारे ९ कोटी ठिपके नजरेखालून घातले. दुसरा ग्रह मिळाला नाही, पण अनेक लघुग्रह आणि तारकागुच्छ मिळाले. घरी केलेली ९ इंची दुर्बीण पुढे एका मोठ्या संग्रहालयाने मागितली, तर ती अजून आपल्या वापरात आहे असे सांगून त्यांनी दिली नाही. १७ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले.

पालकांनो, तुम्ही शाळेत नऊ ग्रह पाठ केले असतील. आम्ही आठ शिकतो. १९९२ पासून प्लूटोच्या भागात बर्फाळ गोळे सापडत गेले आणि २००५ मध्ये जवळजवळ त्याच्याएवढा एरिस जाहीर झाला. मग २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला बटुग्रह ठरवले. त्याचा व्यास २३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षाही लहान. सूर्याभोवती एका फेरीला २४८ वर्षे लागतात. थंडी शून्याखाली सुमारे २३० अंश.

म्हणजे टॉम्बॉसरांची मेहनत वाया गेली का? मला तसे वाटत नाही. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेले. त्याच्या मापांवरून कळले की लॉवेलसाहेबांच्या हिशेबाला कुठल्या अज्ञात ग्रहाची गरजच नव्हती. गणित चुकीचे होते. तरी प्लूटो सापडला, कारण काम करणाऱ्याने एकही काच वरवर पाहिली नाही. नाव ग्रह ठेवा नाहीतर बटुग्रह, ठिपका खरा होता.

१९ जानेवारी २००६ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोकडे निघाले. त्यात टॉम्बॉसरांच्या थोड्या अस्थी ठेवल्या होत्या. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोजवळून, सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले. फोटोत बदामाच्या आकाराचा मोठा पांढरा भाग दिसला. त्याला टॉम्बॉ यांचेच नाव दिले आहे. तिथल्या बर्फाच्या डोंगरांपैकी एका रांगेला आपल्या एव्हरेस्टवीर तेनझिंग यांचे नाव आहे. ज्या मुलाला गारपिटीने कॉलेजला जाऊ दिले नाही, तो अखेर बर्फाच्या त्या गोळ्यापर्यंत जाऊन आला.

हा लेख मी दादाला वाचायला दिला. त्याने ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या आणि गप्प बसला. मग रात्री माळ्यावरून पुस्तकांचे पोते खाली काढले. जूनमध्ये बाहेरून परीक्षेचा अर्ज भरायचा, असे त्याने अण्णांना सांगितले. अण्णा म्हणाले बघू. आमच्या घरात बघू म्हणजे बहुतेक हो असते.

— इयत्ता ७ वी