आधी स्वतःला टोचून घेतलं, मग लोकांना : प्लेगची लस काढणारे हाफकिन

नवीन औषध बाजारात आलं की आपण शेतकरी ते सगळ्या रानावर एकदम मारत नाही. आधी दोन सऱ्यांवर मारून बघतो. पण माणसाच्या अंगात जायचं औषध असेल तर ते पहिल्यांदा कोणावर बघायचं? सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने याचं उत्तर दिलं. त्याने पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली.

त्यांचं नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, तेव्हाच्या रशियातल्या ओडेसा शहरातला, ज्यू घराण्यातला. पुढे ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे पटकीची (कॉलराची) लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ ला आधी स्वतःवरच बघितली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि हजारो लोकांना ती लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. घरात उंदीर मरून पडायचे, मागोमाग माणसं. लोक शहर सोडून गावाकडे पळाले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसं, एवढ्यावर काम सुरू झालं. पातळ रश्श्यात तुपाचे थेंब सोडून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग ते तापवून मारायचे. अशी मेलेल्या जंतूंची लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याच्या तिपटीहून जास्त. ताप आला, अंग दुखलं, पण जीवाला धोका झाला नाही. मग आणखी काही निरोगी माणसं स्वतःहून पुढे आली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस दिली. कैद्याची तयारी कितपत मनापासूनची, हा प्रश्न आज कोणीही विचारेल. पण लस घेतलेल्यांत दोघांनाच प्लेग झाला आणि कोणी दगावलं नाही. न घेतलेल्यांत बारा जण आजारी पडले, त्यातले सहा गेले.

तरी लोकांच्या मनातली भीती जात नव्हती. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरात घुसत होते, त्यामुळे सरकारी सुईवर कोण विश्वास ठेवणार? अशा वेळी आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या समाजाला धीर दिला.

नंतर मात्र घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि ते कामावरून बाजूला झाले. पुढे उघड झालं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट साफ न करताच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे आपल्याला काही नवीन नाही. तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना त्यासाठी जाहीर बाजू घ्यावी लागली. नोकरी परत मिळाली, पण पूर्वीचा मान मिळाला नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

मुंबईत परळला त्यांनी उभी केलेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. हाफकिनच्या नावाने पोलिओचे डोस निघाले, सर्पदंशावरचं इंजेक्शनही निघालं. आपल्या बांधावर साप चावला आणि माणूस दवाखान्यातून जिवंत घरी आला, तर त्यामागे हे नाव असू शकतं.

आणि मुल्कोवालची गोष्ट प्रत्येक दवाखान्यात आजही लागू आहे. औषध कितीही चांगलं असू द्या, सुई आणि हात स्वच्छ नसतील तर त्याचंच विष होतं. तेव्हा इंजेक्शन घेताना नवी सुई डोळ्यासमोर फोडायला सांगा. त्यात लाजायचं काही कारण नाही.