कोरोतकोव्ह यांचा कान

सुट्टीत बाबांसाठी बीपी मशीन घ्यायचं ठरलं आणि घरातली इंजिनिअर म्हणून निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या शोधाशोधीत भेटलेल्या माणसाची ही गोष्ट.

निकोलाय कोरोतकोव्ह यांचा जन्म १८७४ साली रशियातल्या कुर्स्क इथे झाला. १८९८ मध्ये मॉस्को विद्यापीठातून ते डॉक्टर झाले, मग सर्जन. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात ते हार्बिनला जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गोळीने रक्तवाहिनी फाटली की ती बांधावी लागे. पण बांधल्यावर आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून हातापायाला रक्त पोचेल का? नाही पोचलं तर तो सडणार. हे आधी कळावं म्हणून ते स्टेथोस्कोपने धमन्या ऐकत.

दंडाला बांधायचा फुगवता पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्येच काढला होता. पण नाडी बोटांनी चाचपायची, त्यामुळे वरचंच प्रेशर कळे. कोरोतकोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. रक्त पूर्ण अडलं की काहीच ऐकू येत नाही. हवा सोडत गेलं की ठक् ठक् सुरू होतं, ते वरचं प्रेशर. आवाज थांबतो, ते खालचं. बस्स, एवढंच! नोव्हेंबर १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्यांनी हे मांडलं, तो निबंध जेमतेम पानभर होता. (आपलं एका प्रॅक्टिकलचं जर्नल याहून मोठं असतं.) काहींनी शंका काढल्या, पण प्राध्यापक यानोव्स्की यांनी पद्धत उचलून धरली.

पुढे ते सायबेरियात लेना नदीकडच्या सोन्याच्या खाणींवर डॉक्टर होते. १९२० मध्ये ४६ व्या वर्षी वारले. जगभरचे डॉक्टर मात्र त्या आवाजांना त्यांच्याच नावाने ओळखतात.

गंमत म्हणजे घरच्या डिजिटल मशीनला कान नसतो. पट्ट्यातल्या दाबाची थरथर सेन्सर मोजतो आणि त्यावरून आकडे काढतो. म्हणून पट्टा नीट बसणं महत्त्वाचं, छोटा असला तर प्रेशर उगाच जास्त दिसतं. मनगटावरचं मशीन स्वस्त होतं, पण हात हृदयाच्या पातळीला नसला की चुकतं, म्हणून दंडाचंच घेतलं. बाबांचा दंड टेपने मोजला तर ३४ सेंमी! सोबतचा पट्टा ३२ पर्यंतचाच. मोठा वेगळा मागवला, मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून पाहिलं. आता बाबा रोज सकाळी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसतात. आई खूश आहे.