मनावर पहारा ठेवणारे संत इग्नाशियस

३१ जुलै हा संत इग्नाशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक आणि संत फ्रान्सिस झेवियर यांना गोव्याकडे धाडणारे संत, अशी त्यांची ओळख आपल्याला असते. परंतु हेच संत एकेकाळी काळजीने आणि अपराधीपणाच्या भावनेने इतके पोखरले गेले होते की त्यांना जगणे नकोसे झाले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आज घरोघरी ताणतणाव, भीती, झोप न लागणे यांच्या तक्रारी ऐकू येतात. म्हणून त्यांच्या आयुष्यातील हा भाग आपण जरा जवळून पाहू या.

इग्नाशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतात लोयोला येथील गढीत झाला. तेरा भावंडांत ते धाकटे. त्यांचे मूळ नाव इनिगो. तरुणपण दरबारी थाटात, तलवारबाजीत आणि नावलौकिकाच्या हव्यासात गेले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर लढताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले तेव्हा उंची बूट पायात शोभणार नाहीत म्हणून त्यांनी वर आलेले हाड कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती!

अंथरुणावर वेळ जाईना. त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, पण घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तके. वाचता वाचता ते कधी दरबारातील पराक्रमाची स्वप्ने पाहत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने गोडच वाटत. परंतु एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की पहिली स्वप्ने संपली की मन कोरडे आणि उदास होते, दुसरी संपली तरी आनंद मागे रेंगाळतो. विचार येतो, जातो आणि जाताना मनात काहीतरी ठेवून जातो. ते काय ठेवून गेला हे पाहण्याची सवय त्यांना इथे लागली.

१५२२ च्या मार्चमध्ये माँतसेराटच्या मठात त्यांनी तीन दिवस घेऊन सगळ्या आयुष्याचे पापनिवेदन केले, तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली आणि जवळच्या मनरेसा गावी ते राहिले. पहिले काही महिने शांततेत गेले. मग वादळ सुरू झाले. एखादे जुने पाप नीट सांगितले नाही अशी शंका येई. ते पुन्हा पापनिवेदन करीत. दुसऱ्या दिवशी नवी शंका हजर! धर्मगुरूंनी सांगितले, अगदी स्पष्ट आठवत असेल तरच जुने पाप सांगा. पण त्यांना सगळेच स्पष्ट वाटे, त्यामुळे औषधच दुखणे होऊन बसले. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करूनही मन शांत होईना. जीव द्यावा असा विचार वारंवार जोराने येई, तेव्हा आपण देवाचा अपराध करणार नाही असे ते आकांताने ओरडून म्हणत. शेवटी देव दया करीपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपास केला. धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हाच तो सोडला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी प्रार्थना करताना एका पापातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे अशी माळ पुन्हा सुरू झाली आणि तिच्या टोकाला या नव्या जीवनाचाच वीट आला. त्या क्षणी ते जणू झोपेतून जागे झाले. ही माळ सुरू कुठून होते आणि आपल्याला नेते कुठे, हे त्यांनी पाहिले. जो विचार देवापासून दूर नेतो तो पश्चात्तापाचा वेष घालून आला तरी देवाकडचा नव्हे, हे त्यांना उमगले. मागच्या पापांचे निवेदन पुन्हा करायचे नाही असे त्यांनी ठरविले आणि त्या दिवसापासून ते मोकळे झाले. हा देवाच्या दयेचा स्पर्श होता, असेच ते पुढे मानीत.

यानंतर ते स्वतःशी सौम्य झाले. वाढू दिलेले केस आणि नखे त्यांनी कापली. झोपेच्या वेळी भक्तीचे मोठमोठे विचार येऊन झोप उडवीत, तेही त्यांनी बाजूला सारले आणि झोपू लागले. मनरेसात टिपून ठेवलेल्या अनुभवांतूनच त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ आकारास आला. त्याला १५४८ साली पोप तिसरे पौल यांनी मान्यता दिली.

त्यात घायाळ मनासाठी फार व्यवहारी सल्ला आहे. मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. हे दिवस जातील हे आठवावे. मनातली भीती लपवू नये, जाणत्या माणसाला सांगावी, कारण उघड झालेल्या भुलावणीचे बळ जाते. पॅरिसमध्ये त्यांच्याच खोलीत राहणारे पीटर फेबर अशाच शंकांनी गांजले होते. इग्नाशियस यांनी त्यांचे धीराने ऐकून घेतले. तेच फेबर पुढे येशूसंघाचे पहिले धर्मगुरू झाले आणि २०१३ साली संत म्हणून घोषित झाले.

भीती इग्नाशियस यांना पुढेही सोडून गेली नाही. १५५५ साली चौथे पौल पोप झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांचे सर्वांग थरथरले, कारण त्या दोघांचे पूर्वीपासून पटत नव्हते. ते काही न बोलता चॅपेलमध्ये गेले आणि थोड्याच वेळात शांत चेहऱ्याने बाहेर आले. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे ते प्रभूघरी गेले.

आपणही या आठवड्यात रोज रात्री पंधरा मिनिटे काढू या. प्रथम दिवसाबद्दल देवाचे आभार मानावेत आणि प्रकाश मागावा. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढे आणावा: राग कुठे आला, भीती कशाने वाटली, त्या भावनेने आपल्याला कुठे नेले? स्वतःला फटकारू नये, फक्त पाहावे. चुकले असेल तिथे क्षमा मागावी आणि उद्याची तयारी करून झोपावे.

मात्र तीच शंका पुन्हा पुन्हा छळत असेल, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो तसे होत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नये. घरच्यांना, धर्मगुरूंना सांगावे आणि डॉक्टरांकडेही जावे. मंत्रचळ हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यात लाज कसली? मनरेसात इग्नाशियस यांनाही दुसऱ्या कुणी तरी जेवायला लावावे लागले होते.

संत इग्नाशियस, आम्हांसाठी विनंती कर.