स्तब्ध झालेला नर्तक

मनोविकारांची लक्षणे शिकताना माझ्या डोळ्यांसमोर वास्लाव निजिन्स्की उभा राहतो. पोलिश नर्तक दांपत्याचा हा मुलगा कीव्हला जन्मला, सेंट पीटर्सबर्गच्या राजनृत्यशाळेत घडला आणि 1909 मध्ये त्याने पॅरिस जिंकले. उडी घेतली की तो क्षणभर हवेतच थांबल्यासारखा वाटे. 1913 मध्ये त्याने राइट ऑफ स्प्रिंग हे नृत्यनाट्य बसवले. नर्तकांची आत वळलेली पावले पाहून प्रेक्षागृहात गोंधळ माजला. पण तो विक्षिप्तपणा महिनोन्महिने तालमी करून, समजून-उमजून घडवलेला होता.

19 जानेवारी 1919 रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात तो नाचायला आला आणि खुर्चीवर बसून बराच वेळ प्रेक्षकांकडे नुसता पाहत राहिला. मग तो युद्धाची भीषणता नाचला. त्यानंतर काही आठवड्यांतच झुरिचला डॉ. ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. पुढची तीस वर्षे, 1950 मध्ये लंडनला मृत्यू येईपर्यंत, रुग्णालयांत आणि पत्नीच्या देखरेखीखाली गेली.

आजार उघड होण्यापूर्वी काहींच्या हालचाली मंदावतात, चेहरा निर्विकार होतो, हे औषधे न घेतलेल्यांतही आढळले आहे. मात्र एवढ्यावरून निदान होत नाही. माणूस पूर्वीसारखा राहिला आहे का, हे पाहावे लागते. म्हणून मला वाटते, वर्गातला एखादा मित्र एकाएकी मंदावला तर त्याला हसू नये, वेडाही ठरवू नये. जवळ बसून विचारपूस करावी आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जावे.