फोटोतली लहानशी रेघ



थंडी सुरू झाली की आपल्यापैकी बरीच कुटुंबे साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. मनामाच्या दिव्यांपासून जरा लांब गेले की गच्चीवरून कधी न दिसणारे तारे तिथे दिसू लागतात. गेल्या थंडीत शेकोटीपाशी आम्ही लोणारच्या सरोवराची गोष्ट सांगत होतो. बुलढाणा जिल्ह्यात अवकाशातून मोठा दगड येऊन आदळला आणि काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, ती गोष्ट. तेव्हा एका छोट्या मित्राने विचारले, की असा दगड पुन्हा येत असेल तर तो आधी कळतो का?

पुष्कळदा कळतो. पण त्यासाठी कोणीतरी रात्र जागून आकाशाचे फोटो काढावे लागतात. फोटोवरून असे दगड शोधायची रीत ज्यांनी घालून दिली, त्या माक्स वोल्फ यांची ही गोष्ट.

माक्स यांचा जन्म २१ जून १८६३ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्ग या गावी झाला. वडील फ्रान्झ वोल्फ डॉक्टर होते. मुलाला ताऱ्यांचे वेड आहे हे पाहून त्यांनी त्याला उत्तेजन दिले, आणि राहत्या घरीच एक छोटी वेधशाळा उभी राहिली. १७ सप्टेंबर १८८४ रोजी माक्स यांनी एक नवा धूमकेतू शोधला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २१! पदवी नाही, नोकरी नाही, केवळ हौस. तो धूमकेतू आजही वोल्फ यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १८८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, दोन वर्षे स्वीडनमध्ये अभ्यास केला आणि ते आपल्या गावी परत आले.

आता थोडे लघुग्रहांविषयी. सूर्याभोवती फिरणारे हे लहानमोठे दगडगोटे बहुतेक करून मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत असतात. पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ रोजी सापडला. त्यानंतर नव्वद वर्षांत तीनशेच्या वर सापडले, आणि तेही नुसते दुर्बिणीला डोळा लावून. नकाशात नसलेला ठिपका दिसला, की तो दुसऱ्या रात्री सरकला का हे पाहायचे. व्हिएन्नाचे योहान पालिसा या कामात पटाईत होते.

वोल्फ यांनी दुर्बिणीला कॅमेरा जोडला. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश सरकताना दिसते. म्हणून दुर्बीणही त्याच गतीने हळूहळू फिरवायची आणि फोटोच्या काचेवर तास-दोन तास प्रकाश पडू द्यायचा. अशा फोटोत तारे ठिपक्यांसारखे उमटतात. पण लघुग्रह तेवढ्या वेळात थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून त्याची उमटते लहानशी रेघ. २२ डिसेंबर १८९१ रोजी काढलेल्या फोटोत अशीच एक रेघ सापडली. फोटोवरून शोधलेला तो पहिला लघुग्रह, क्रमांक ३२३. त्याचे नाव ब्रुसिया. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रूस या बाईंनी वोल्फ यांच्या दुर्बिणीसाठी १०,००० डॉलर दिले होते, त्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले.

पण काचेवर ओरखडा असला तर? तोही रेघेसारखाच दिसतो. म्हणून या नव्या दुर्बिणीत दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवलेले होते. दोन्ही फोटोंत त्याच जागी रेघ आली तरच ती खरी मानायची. गावाजवळच्या डोंगरावर १८९८ मध्ये सुरू झालेल्या वेधशाळेत वोल्फ यांनी या कामात पुढचे सगळे आयुष्य घालवले. एकट्याने त्यांनी दोनशेहून अधिक लघुग्रह शोधले. १९०९ मध्ये परत येणारा हॅलेचा धूमकेतूही सर्वांआधी त्यांच्याच फोटोत सापडला. जुन्या पद्धतीचे पालिसा त्यांचे वैरी झाले नाहीत बरे का! दोघांनी मिळून ताऱ्यांचे नकाशे तयार केले.

३ फेब्रुवारी १९१८ रोजी त्यांना अलिंडा हा लघुग्रह सापडला. तो पृथ्वीच्या बराच जवळ येऊ शकतो. एप्रिल १९३२ मध्ये त्याच वेधशाळेत कार्ल राइनमुट यांना अपोलो सापडला. तो तर पृथ्वीची कक्षाच ओलांडतो. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला वोल्फ यांचे निधन झाले. अपोलो मात्र पुढे हरवला, आणि पुन्हा सापडायला १९७३ साल उजाडले. लघुग्रह एकदा दिसून भागत नाही. पुन्हा पुन्हा फोटो काढून त्याची वाट नक्की करावी लागते. नाहीतर तो परत कधी आणि कुठून येईल, ते सांगणार कसे?

इथेच हौशी लोकांची मदत होते. लघुग्रह फार अंधुक असला तर त्याचा प्रकाश रेघेत पसरतो आणि काहीच उमटत नाही. अमेरिकेतले जोएल मेटकाफ हे पेशाने धर्मोपदेशक, पण हौशी खगोलनिरीक्षक. ते दुर्बीण लघुग्रहाच्या अंदाजे गतीने सरकवत. मग ताऱ्यांच्या रेघा होतात आणि लघुग्रहाचा ठिपका! आजचे हौशी लोक डिजिटल कॅमेऱ्याने अनेक फोटो काढतात आणि संगणकावर ते तसेच सरकवून एकावर एक ठेवतात. युक्ती तीच. ८ जानेवारी २०२५ रोजी वोल्फ यांचा अलिंडा पृथ्वीपासून सुमारे १ कोटी २३ लाख किलोमीटरवरून गेला. म्हणजे चंद्राच्या अंतराच्या बत्तीसपट लांबून. छोट्या दुर्बिणीतूनही तो दिसण्याजोगा होता. शोध लागल्यावर १०७ वर्षांनीही तो केव्हा येणार हे आधी ठाऊक होते, कारण मधल्या काळात कोणी ना कोणी त्याच्यावर नजर ठेवून होते.

सुट्टीत मुंबईला गेलात की वरळीचे नेहरू तारांगण बघा. घुमटावर ग्रह-तारे दाखवणारे यंत्र असावे, या मूळ कल्पनेतही वोल्फ यांचा वाटा होता.

आणि तोवर हा गृहपाठ. त्याला दुर्बीण नको, वाळवंट नको, घरची बाल्कनी पुरे. चंद्राजवळचा एखादा ठळक तारा निवडा आणि वहीत दोघांचे चित्र काढा. एका तासाने पुन्हा काढा. चंद्र ताऱ्याच्या मानाने साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला दिसेल. दोन्ही चित्रांवर वेळ लिहायला विसरू नका, आणि वही पुढच्या वर्गाला घेऊन या.