हॉवर्थचे वृद्ध धर्मोपदेशक

पॅट्रिक ब्रॉन्टे यांचा जन्म १७७७ साली आयर्लंडमधील एका गरीब घरी झाला. विद्येच्या बळावर ते इंग्लंडात केंब्रिजला गेले, धर्मदीक्षा घेतली आणि १८२० मध्ये पत्नी व सहा अपत्यांसह यॉर्कशायरमधील हॉवर्थ या माळरानावरील खेड्यात स्थिरावले. दीड वर्षातच पत्नी निवर्तली. १८२५ मध्ये दोघी थोरल्या कन्या क्षयाने गेल्या. शार्लट, एमिली व अ‍ॅन यांच्या कादंबऱ्या १८४७ मध्ये गाजू लागल्या. तोच १८४८ च्या सप्टेंबरात एकुलता पुत्र, डिसेंबरात एमिली आणि पुढच्या मे महिन्यात अ‍ॅन, असे आठ महिन्यांत तिघे काळाने नेले.

बहात्तर वर्षांच्या या पित्याने त्याच १८४९ साली गावाच्या शुद्ध पाण्यासाठी सरकारकडे धाव घेतली. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यास विहिरी दूषित आणि दफनभूमी गच्च भरलेली आढळली. गावात शंभरांतील एकेचाळीस मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. त्यांचे अंत्यविधी करणाऱ्या या पुरोहिताला हे निराळे सांगावयास नकोच होते! कराच्या भयाने धनिकांनी विरोध केला, तरी ते मागे हटले नाहीत. आमच्या मते त्यांची थोर उपासना हीच.

१८५५ मध्ये शार्लटही गेली. ज्या जावयास त्यांनी आरंभी नाकारले होते, त्यानेच अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ७ जून १८६१ रोजी त्यांनी देह ठेवला. हॉवर्थच्या चर्चमध्ये ते आपल्या माणसांसमवेत विसावले. एकटी अ‍ॅन दूर स्कारबरोला, समुद्रकाठी आहे.