माद्रिद जिंकलं, स्पेन राहिला!

६ सप्टेंबर १८१२. मॉस्को आता जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. बोरोदिनो गावाजवळच्या फ्रेंच छावणीत उद्याच्या लढाईची तयारी चाललेली. त्या दिवशी नेपोलियनसाठी पॅरिसहून एक चित्र येतं, त्याच्या दीड वर्षाच्या मुलाचं. तो भलताच खूश होतो, चित्र तंबूबाहेर मांडायला सांगतो, सैनिक येऊन बघून जातात. आणि त्याच दिवशी युरोपच्या दुसऱ्या टोकाकडून, थेट स्पेनहून, फॅबव्हिए नावाचा अधिकारी येऊन पोहोचतो. त्याच्याकडे सालामांकाच्या लढाईची हकिगत असते. २२ जुलैला तिथं फ्रेंच फौजेचा पार धुव्वा उडालाय. एव्हाना तर राजधानी माद्रिदही हातची गेली होती.

एकाच माणसाची ही दोन युद्धं. रशियातलं त्यानं स्वतः होऊन काढलेलं. स्पेनमधलं आपण कधीच जिंकलंय असं समजून पावणेचार वर्षांपूर्वी पाठ फिरवलेली. जिंकलेला देश धड सांभाळता येत नसताना पुढची लढाई अंगावर घ्यावी का, हा प्रश्न आजच्या बातम्यांतही दर थोड्या वर्षांनी डोकं वर काढतो. नेपोलियन त्या प्रश्नाशी आयुष्यभर खेळत राहिला. गंमत म्हणजे, ताब्यात घेतलेल्या मुलखातली माणसं कशी पेटतात, हे त्याला कुणी वेगळं शिकवायची गरजच नव्हती.

कारण तो जन्मला तोच अशा मुलखात. कॉर्सिका हे बेट १७६८ मध्ये जेनोवाकडून फ्रान्सकडे गेलं. बेटावरच्या लोकांना ते मान्य नव्हतं. पास्काल पाओली हा त्यांचा नेता, आणि नेपोलियनचे वडील कार्लो त्याच्या बाजूचे. मे १७६९ मध्ये पोंते नोव्होला कॉर्सिकन फौज हरली. आई लेतित्सिया तेव्हा गरोदर होती. १५ ऑगस्टला नेपोलियनचा जन्म झाला, फ्रेंच ताब्यातल्या अजाच्चो गावात. पुढे वडिलांनी नव्या सरकारशी जुळवून घेतलं आणि त्या जोरावर हा नऊ वर्षांचा मुलगा फ्रान्सला शिकायला गेला. तिथं त्याच्या उच्चारांची टिंगल व्हायची. पोरगा मनातल्या मनात फ्रेंचांवर धुमसायचा आणि पाओलीला हीरो मानायचा. मोठेपणी कॉर्सिकाचा इतिहास लिहायचा बेतही होता. नंतर पाओलीशीच बिनसलं, १७९३ मध्ये बोनापार्त कुटुंबाला बेट सोडून पळावं लागलं, आणि कॉर्सिकाचा तो मुलगा फ्रेंच सेनापती होऊन गेला.

त्यानंतरची धाव तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. तूलों, इटली, मग इजिप्त. पण इजिप्तमध्ये जरा थांबू. १७९८ मध्ये कैरो घेतल्यावर त्यानं अरबीत जाहीरनामे काढले, आपण इस्लामचा आदर करतो असं सांगितलं, स्थानिक मंडळींची कौन्सिलं नेमली. तीन महिन्यांत कैरोत बंड झालं आणि तोफा लावून ते मोडावं लागलं. कैरो अजून निवलेलंही नसताना पठ्ठ्या १७९९ च्या सुरुवातीला सीरियावर निघाला! अक्रा शहरासमोर दोन महिने अडकला, परत फिरला, आणि ऑगस्टमध्ये फौज तिथंच सोडून फ्रान्सला निघून गेला. मागे राहिलेल्यांनी १८०१ मध्ये शरणागती पत्करली. त्याचं नाव मात्र फ्रान्समध्ये चमकतच राहिलं. काही महिन्यांत तो देशाचा कर्ताधर्ता झाला, १८०४ मध्ये सम्राट.

ऑस्टरलिट्झ, येना... त्याच्या जिंकण्याची एक पद्धत पडून गेली. झपाट्यानं घुसायचं, एका मोठ्या लढाईत शत्रूची फौज मोडायची, राजधानी घ्यायची, मग राजा तहाला येतो. व्हिएन्नात हे जमलं, बर्लिनमध्ये जमलं. त्यामुळे १८०८ मध्ये त्यानं स्पेनकडे बघितलं तेव्हा तिथंही हेच होणार असं त्यानं धरून चालणं स्वाभाविक होतं.

खरं तर स्पेन दोस्तराष्ट्र होतं. इंग्लंडशी व्यापार बंद पाडण्यासाठी पोर्तुगालवर चाल करायची, म्हणून फ्रेंच फौजा स्पेनमधून जाऊ लागल्या आणि जाता जाता तिथले किल्ले बळकावून बसल्या. राजा कार्लोस आणि युवराज फर्नांडो यांचं आपसात पटत नव्हतं. नेपोलियननं दोघांना बायोनला बोलावून घेतलं, दोघांकडूनही सिंहासन सोडवून घेतलं आणि आपला भाऊ जोसेफ याला स्पेनचा राजा केलं. एकही मोठी लढाई न करता देश खिशात!

२ मे १८०८ ला माद्रिदचे लोक रस्त्यावर उतरले. सुऱ्या, दगड, हाताला लागेल ते घेऊन. त्या रात्री आणि ३ मेच्या पहाटे पकडलेल्यांना ओळीत उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. गोयानं पुढे रंगवलेला तो पांढऱ्या सदऱ्यातला, हात पसरलेला माणूस याच रात्रीचा. बातमी पसरली तसे प्रांतच्या प्रांत उठले. जुलैमध्ये बाइलेनला सुमारे १८ हजार फ्रेंच सैनिक शरण आले. नवा राजा जोसेफ राजधानीत येऊन दीड आठवडा होतो न होतो तोच त्याला काढता पाय घ्यावा लागला.

मग नेपोलियन स्वतः आला. डिसेंबर १८०८ मध्ये माद्रिद घेतलं. इन्क्विझिशन रद्द, सरंजामी हक्क रद्द. कागदावर बघितलं तर चांगल्याच सुधारणा. पण परक्याच्या संगिनीच्या टोकावर आलेली सुधारणा घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही. तेवढ्यात ऑस्ट्रिया युद्धाच्या तयारीला लागल्याची खबर आली. जानेवारी १८०९ मध्ये तो निघाला. ऑस्ट्रियाला त्यानं जुलैत वाग्रामला हरवलं. स्पेनमध्ये पुन्हा कधीही पाऊल ठेवलं नाही.

आता आकडा बघा. १८१०-११ मध्ये स्पेनमधली फ्रेंच फौज तीन लाखांच्या वर होती. समोर वेलिंग्टनची इंग्रज-पोर्तुगीज फौज त्याच्या एक चतुर्थांशही नाही. मग अडलं कुठे? तीन लाख माणसं एका जागी कधी नव्हतीच. कुणी किल्ल्यात, कुणी पुलावर, कुणी धान्याच्या गाड्यांबरोबर. डोंगरात एस्पोस इ मिना, एल एम्पेसिनादो यांच्यासारख्यांच्या टोळ्या. गनिमी काव्याला जगभर वापरला जाणारा गेरिला हा शब्द याच युद्धातून पसरला. साधं एक पत्र पुढच्या ठाण्यावर पोहोचवायचं तरी शे-दोनशे घोडेस्वार सोबत द्यावे लागत. वेलिंग्टनला गाठायला फौज एकत्र करावी, तर मागे प्रांत टोळ्यांच्या हाती जाणार. प्रांत धरून बसावं, तर वेलिंग्टन एकेकाला गाठून झोडपणार.

त्यात पोटाचा प्रश्न. फ्रेंच फौज जिथं जाईल तिथलंच खायची. इटली-जर्मनीत मोहीम काही महिन्यांची, मुलूख सुपीक, खपून गेलं. स्पेनमध्ये मुक्काम सहा वर्षांचा आणि बराच मुलूख कोरडा, गरीब. शिपायानं कणगी रिकामी केली की तो शेतकरी टोळीत जाणार. वर १८१० मध्ये नेपोलियननं उत्तरेकडचे प्रांत थेट आपल्या सेनापतींच्या हातात दिले. वसुली त्यांनी करायची, हुकूम पॅरिसहून यायचा. बिचारा जोसेफ नावाला राजा. लोकांना आपलंसं करायची त्याची थोडीफार इच्छा होती, पण हातात ना पैसा, ना फौज.

वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, आपल्या ओळखीचाच गडी. १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायला पुण्यात आला तोच. त्याच साली त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. दख्खनमध्ये फौज चालते ती बैलांच्या पायांनी आणि धान्याचे तांडे घेऊन फिरणाऱ्या बंजाऱ्यांच्या भरवशावर, हे तो इथं पक्कं शिकला होता. स्पेनमध्ये बैलांच्या जोडीला खेचरं आली, एवढाच फरक. शेतकऱ्याच्या धान्याचे पैसे द्यायचे, लुटायचं नाही, हा त्याचा नियम. (पैसे बऱ्याचदा थकायचे, आणि १८१२ मध्ये बादाहोस घेतल्यावर त्याच्याच शिपायांनी त्या स्पॅनिश गावात जे केलं ते वाचवत नाही. तेव्हा उगाच संत करायला नको.)

वाग्रामपासून रशियाच्या स्वारीपर्यंत नेपोलियनकडे जवळपास तीन वर्षं होती. या काळात त्यानं जोसेफिनला घटस्फोट दिला, ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न केलं, मुलगा झाला. स्पेनला जायला काय हरकत होती? मला रशियाच्या स्वारीपेक्षाही हे न जाणं जास्त बुचकळ्यात टाकतं. माझा अंदाज असा, की तिथं त्याच्या जोगतं काम उरलं नव्हतं. एका दिवसात निकाल लावणारी लढाई नाही, नुसती वर्षानुवर्षांची चौकीदारी. त्यापेक्षा नवं युद्ध त्याला सोपं वाटलं. झार अलेक्झांडर इंग्लंडविरुद्धची व्यापारबंदी नीट पाळेना, हे निमित्त होतंच. रशियात राहून आलेल्या कोलँकूरनं कानीकपाळी ओरडून सांगितलं, तिकडे जाऊ नका. ऐकतो कोण!

१८१२ च्या सुरुवातीला स्पेनमधून गार्ड पलटणी आणि पोलिश रेजिमेंट, मिळून सुमारे २५ हजार पक्के सैनिक, काढून घेतले गेले. वेलिंग्टन टपलेलाच होता. जानेवारीत सिउदाद रोद्रिगो, एप्रिलमध्ये बादाहोस, जुलैत सालामांका. २४ जूनला नेपोलियननं नेमान नदी ओलांडली तेव्हा बरोबर साडेचार लाखांच्या आसपास माणसं होती. डिसेंबरमध्ये परतली ती त्यातली मूठभर.

काही अभ्यासक म्हणतात, स्पेनमधली फौज रशियात नेली असती तर आणखी माणसं उपाशी मेली असती, बाकी काही नाही. रशियापुरतं ते खरंही असेल. पण १८१३ बघा. जर्मनीत सगळे शत्रू एकत्र उलटलेत, नेपोलियनला अनुभवी सैनिक हवेत, आणि दोन लाखांच्या आसपास फौज पिरेनीजपलीकडे चौक्या राखत बसलेली. मग भरती कुणाची झाली? अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची. म्हणजे तुमच्या वर्गातल्यांची. सम्राज्ञी मारी-लुईजच्या सहीनं हुकूम निघाले म्हणून लोक या पोरांना मारी-लुईज म्हणायला लागले. काहींना बंदूक भरायचीही धड शिकवण झालेली नव्हती. २१ जून १८१३ ला व्हितोरियाला जोसेफची फौज मोडली, राजेसाहेब आपला लवाजमा, चित्रं, चांदीची भांडी टाकून पळाले. ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला नेपोलियन स्वतः हरला. एप्रिल १८१४ मध्ये त्यानं गादी सोडली. एल्बा बेट, तिथून निसटणं, शंभर दिवस, १८ जून १८१५ चं वॉटर्लू हे सगळं नंतरचं. तिथंही समोर वेलिंग्टनच होता.

इंग्रजांनी मग त्याला अटलांटिकमधल्या सेंट हेलेनावर नेऊन ठेवलं. आपल्या नाशाची सुरुवात स्पेनमध्ये झाली, त्या युद्धानं आपली ताकद वाटली गेली, हे त्यानं तिथं सोबत्यांजवळ कबूल केलं. बेटावरचे पहिले दोनेक महिने तो द ब्रायर्स नावाच्या घराच्या आवारात राहिला. दहा वर्षांपूर्वी, १८०५ मध्ये, हिंदुस्थानातून मायदेशी परतताना वेलस्ली बेटावर थांबला होता, तो याच घरात. ५ मे १८२१ ला नेपोलियन त्या बेटावरच वारला. वय ५१.